मालनबाईचा पुकारा

एकतीस वर्षं मी कोर्टात पुकारा केला. दारात उभं राहून नाव तीनदा ओरडायचं, माणूस आला की आत सोडायचा. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जायचा. पगार त्याचाच होता. या आवाजानं हजारो नावं घेतली, आणि जे घ्यायला हवं होतं नेमकं तेच घेतलं नाही. त्याची गोष्ट सांगायची तर युवराज गपाट वकिलांची सांगावी लागते.

युवराज कळंबचा. वडील आण्णासाहेब तिथल्या शाळेत घंटा द्यायचे, त्यामुळं शिपायाकडं बघायची त्याची नजर वेगळी होती. बाकीचे वकील मला 'ए शंभुलिंग' म्हणत; हा काळा कोट चढल्यावरही 'शंभुमामा' म्हणायचा. मी त्याला तोंडावर साहेब म्हणायचो, मनात मात्र तो माझ्या घरचाच होता.

चाळिशीच्या आत तो जिल्हा सरकारी वकील झाला. हुशार वकील मी पुष्कळ पाहिलेत, त्यातले निम्मे नुसतेच बोलघेवडे. याची हुशारी ऐकण्यात होती. साक्षीदाराला तो पढवत नसे. बाकावर शेजारी बसवायचा, चहा सांगायचा आणि म्हणायचा, "जे बघितलं तेवढंच सांगा. समोर जज्जसाहेबांकडं बघून सांगा. इकडंतिकडं बघू नका." बायाबापड्यांना धीर यायचा. खुनाच्या खटल्यात आरोपी सुटला की याला दोन दिवस जेवण जात नसे. तो असा होता, म्हणून तर पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

मालनबाई तेरजवळच्या एका वस्तीवरची. तिचा नवरा कोंडिबा. तेरणा नदीतली वाळू उपसणारा ट्रॅक्टर त्यानं आपल्या रानातून जाऊ दिला नाही, आडवा उभा राहिला. योगीराज नावाच्या पोरानं ट्रॅक्टर त्याच्या अंगावर घातला. आरोपीचा वकील म्हणत होता, अपघात झाला. बाकीचे साक्षीदार एकेक करून फितूर झाले. राहिली एकटी मालनबाई, आणि ती काही केल्या हलेना. "मामा, ही बाई बोलली की तो सुटत नाही," तिलाही बाकावर शेजारी बसवून तसंच समजावल्यावर युवराज मला म्हणाला होता.

योगीराज आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा सख्खा भाचा. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक होती आणि युवराजच्या डोक्यात आमदारकी शिरली होती. कुणी शिरवली म्हणाल तर आम्हीच. सत्कारात, लग्नात, येडशीच्या स्टेशनावर, जो तो त्याला 'भावी आमदार' म्हणायचा. मीही म्हटलंय. कोर्टात एकेकाला न्याय मिळवून देण्यापेक्षा तिकडं गेलं तर एकदम हजारोंना देता येईल, असं त्याला खरंच वाटायचं. पुढाऱ्यानं चहाला बोलावलं. तिकिटाचं बोलणं झालं. भाच्याचं नावसुद्धा निघालं नाही म्हणे. काढायची गरजच काय होती?

साक्षीच्या दिवशी मालनबाई पहिल्या एसटीनं आली. ठेवणीतलं लुगडं, हातात समन्स, फडक्यात भाकरी. लिंबाखाली बसून राहिली. दुपार झाली तरी मला तिचं नाव मिळेना. मी युवराजजवळ गेलो. "साहेब, बाई बाहेर बसलीय. पुकारू का?"

त्यानं कागदावरून मान वर केली नाही. "नको, मामा. पुरसीस दिलीय. ही साक्षीदार तपासायची नाही."

पुरसीस म्हणजे कोर्टाला दिलेलं चार ओळींचं लेखी निवेदन. सरकारी वकिलाला साक्षीदार गाळता येतो आणि त्याला सहसा कुणी कारण विचारत नाही. बाईनं डोळ्यांनी बघितलेलं सगळं त्या चार ओळींत गेलं.

मी ओरडायला पाहिजे होतं. नाव ठाऊक होतं, आवाज होता. पण निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि मी भित्रा आहे. पाच वाजता बाईजवळ जाऊन मी म्हणालो, "आज काम झालं न्हाय, बाई. तारीख कळवतील."

"बरं. पर माजं नाव घ्यायला इसरू नका," म्हणाली, आणि न सोडलेलं भाकरीचं फडकं तसंच घेऊन एसटीकडं चालू लागली.

योगीराज सुटला. अपील करावं का, अशी वरून विचारणा झाली तेव्हा 'अपिलास योग्य प्रकरण नाही' हे मतही युवराजनंच लिहून दिलं. मग पदाचा राजीनामा दिला. तिकीट मिळालं योगीराजच्या थोरल्या भावाला. युवराज रागानं अपक्ष उभा राहिला. फलकावर लिहिलं होतं, 'न्यायासाठी लढणारा माणूस'. अनामत जप्त झाली. मी मत कुणाला दिलं ते विचारू नका.

गेल्या महिन्यात तो माझ्या घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "मामा, तेरला येता का? मला एकट्याला जमणार नाही."

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा मालनबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. आम्हाला बघून ताडकन उठली. "आली का तारीख?"

मीच म्हणालो, "केस संपली, बाई. त्यो सुटला. तुमाला ठावं न्हाय का?"

"ठावं हाय की. रोज दारावरनं जातोय. पर माजं सांगायचं राहिलंच न्हवं? तुमीच म्हणला, तारीख कळवतील."

"मावशी," युवराज म्हणाला, "माझं चुकलं. मीच तुम्हाला..."

"थांबा," म्हणून ती आत गेली. ठेवणीतलं लुगडं नेसून आली, ताठ उभी राहिली आणि समोरच्या बाभळीकडं बघून सांगायला लागली. कोंडिबानं वर केलेला हात. योगीराजनं दिलेली शिवी. ट्रॅक्टर मागं घेऊन दुसऱ्यांदा अंगावर घातला, ते. एक शब्द मागंपुढं झाला नाही. एवढ्यावर जन्मठेप लागली असती. मला ते कळत होतं, खाली मान घालून बसलेल्या युवराजला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

सांगून झालं. बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा आमच्याकडं वळली.

"इकडंतिकडं बगितलं न्हाय म्या. घेतलं का लिवून?"

युवराज रडत होता.

"घेतलं, बाई," मी म्हणालो.