तांबटकाका समोर बसून ऐकतात

तांबटकाकांचे कान गेले ते हातोडीपायी. जन्मभर तांब्याच्या पत्र्यावर घाव घालायचे आणि कानांनी मात्र शाबूत राहायचं, असं कुठे होतं का? कारखान्यात सगळेच बहिरे, म्हणून कुणीच बहिरा नव्हता. त्या ठोकाठोकीत एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची रीत. चहा ओठांवरून मागवला जाई, शिव्याही तशाच पोचत. पुढेपुढे तर मागून येणारी हातगाडी कळेना, गिऱ्हाइकाची हाक कळेना, तेव्हा मालकाने "आता आराम करा" म्हणून प्रेमाने घरी बसवलं. प्रेम इतकं, की पगाराचाही त्रास ठेवला नाही.

घर चालायचं तर आता सरकारी भत्त्यावरच. त्यासाठी सरकारी इस्पितळात कान तपासून घ्यायचे. तिथला नियम सोपा होता: ज्याला ऐकू येत नाही, त्याने पुकारा झाला की आत यायचं. काका भिंतीशी बसून राहिले. शिपायाने आतूनच नंबर पुकारला, पुन्हा पुकारला, आणि 'गैरहजर' लिहून मोकळा झाला. बहिऱ्याने ओ दिली नाही याचं त्याला फार वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच चहाला गेला.

पुढच्या खेपेला काकू बरोबर गेल्या. पुकारा होताच त्यांनी काकांना कोपराने ढोसलं. पण आत नातेवाइकांना मज्जाव. डॉक्टरांनी काकांना अगदी समोर बसवलं.

"काम काय करायचात?"

"तांब्याची भांडी घडवायचो."

"जेवलात का?"

"सकाळीच."

"ऐकू येतंय की छान." यंत्रावर तपासायची गरजच उरली नाही. शिक्का पडला: अपात्र.

बाहेर काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांचे ओठ कशाला वाचलेत?"

"समोरचा बोलतोय आणि आपण गप्प बसायचं? उद्धट म्हणतील."

"म्हणू देत की. भत्त्याला नम्रपणाची अट नाहीये."

"मग काय, बहिरेपणाचं सोंग करू? देवाला चालेल?"

"सोंग कसलं? बहिरे तर तुम्ही आहातच. इतकी वर्षं केलंत ते ऐकण्याचं सोंग. आता फेरतपासणीला डॉक्टर बोलायला लागले की देवापुढे मिटता तसे डोळे मिटा."

काकांनी मिटले. डॉक्टर बोलले, मोठ्याने बोलले, टेबल आपटून बोलले. काका समाधी लागल्यासारखे बसलेले. मध्ये एकदा डावा डोळा किलकिला झाला, तेव्हा डॉक्टरांच्या ओठांवर 'पाणी हवंय का?' दिसलं. घशाला कोरड पडली होती, तरी त्यांनी डोळा घट्ट मिटून घेतला. एवढं तप तर त्यांनी देवासाठीही कधी केलं नव्हतं.

शेवटी यंत्र आणावं लागलं. यंत्राला ओठ नसतात. त्याच्यापुढे काकांची सगळी विद्या फुकट गेली. दोन्ही कान नियमातल्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे निघाले. पात्र.

डॉक्टर आता अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काका, ऐकू येत नाही हे आधीच सांगायचं ना."

डोळे उघडे होते, त्यामुळे काकांना सगळं समजलं. "तुम्ही ते सोडून बाकी सगळं विचारलंत," ते नम्रपणे म्हणाले.

मग डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता काहीतरी बोलले. ते दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूंनी ऐकलं.

"काय म्हणाले?" बाहेर आल्यावर काकांनी विचारलं.

काकू त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "भत्ता पुढच्या महिन्यापासून. आणि दर वर्षी दाखवायला यायचं, कान परत उगवलेत का ते."