कडी, पिपा आणि राखेची रेघ

बीटी कपाशीला अळी लागत नाही, या भरवशावर त्या वर्षी मी बोंडअळीला मोकळं रान दिलं. उरलासुरला कापूस भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत कमरेएवढा भरून ठेवला.

बाप म्हणून मात्र मी फार सावध. चार वर्षांच्या पोरीला घास मी भरवायचो, लोणारहून आणलेली चप्पलही मीच चढवायचो. बायकोचं उलटं. शेळी कापसात शिरू नये म्हणून खोलीची कडी लावायला तिने पोरीला शिकवलेलं. तेलाचा रिकामा पिपा ओढायचा, वर चढायचं.

"पडन ना पोरगी!" मी म्हणायचो.

"पडली त उठन."

चुलीपुढे तिने राखेची रेघ ओढलेली. पोरीने त्यापलीकडे जायचं नाही.

एका दुपारी बायको वेचणीला निघाली. चुलीवर वरण होतं. "एवढं पाहा जा," म्हणाली. मी पाहिलं, आणि घटकाभर कापसावर अंग टाकलं.

खाजेने जाग आली, तर दार बाहेरून बंद! दार उघडं दिसताच पोरीने इमानाने कडी लावलेली. कापसात रुतलेला बाप तिला कुठून दिसणार? करपल्याचा वास येत होता. बाहेर पेटती चूल आणि एकटी पोर.

"बाई, पिपा घे! नको, पडशील! घे, घे! अवं, थांब!"

पिप्याची खरखर थांबली. हुंदका ऐकू आला.

"बाबा, तुमी बोलू नका. मले भेव लागते."

मी कापसाचा बोळा तोंडात कोंबला. पुन्हा खरखर. कडी एकदा अडली. मी बोळा चावला. मग खट्ट!

चुलीकडे धावलो. वरणाचा कोळसा झाला होता. राखेची रेघ जशीच्या तशी. अलीकडे कापडाची बाहुली बसवलेली, तीसुद्धा रेघेपासून हातभर दूर. बायको शेतात होती, पण घर तिनेच सांभाळलं होतं.

संध्याकाळी बायकोने वरणाचं करपलेलं पातेलं पाहिलं, माझ्या मिशीतला कापूस पाहिला.

"काय झालं वं?" तिने पोरीलाच विचारलं.

"बाबा कोंडले होते. मी काढलं. ते चूप बसले, मंग निंगाली कडी."

बायकोने ताटं वाढली. मी सवयीने पोरीच्या ताटाकडे हात नेला, परत आणला, आणि माझं करपलेलं वरण मुकाट्याने खाल्लं.