मिस ओडेसाचा रिकामा ट्रे

मिस ओडेसा प्रुइट यांनी स्वयंपाकात कधी माप वापरलं नाही. सगळं नाकावर चालायचं. ओव्हनमध्ये पिकान भाजायला टाकले की त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला जायच्या आणि तारेपाशी उभ्या राहूनच म्हणायच्या, "झाले." आत येऊन पाहावं तर खरंच झालेले असायचे. पिकान म्हणजे आपल्या अक्रोडाचा भाऊ, पण जास्त गोड आणि जास्त तेलकट. दक्षिण जॉर्जियातल्या आमच्या या गावात ज्याच्या दारात पिकानचं झाड नाही तो भाडेकरू समजावा. मी भाडेकरूच, प्रुइटांच्या शेजारच्या घरात, गेली बरीच वर्षं.

चर्चमध्ये सणाच्या सकाळी सगळी मंडळी एकत्र न्याहारी करतात, आणि कोणी काय आणायचं हे ठरलेलं असतं. मक्याच्या कण्या जुनेटा बिव्हन्सच्या आणि गोड पाव मिस ओडेसाचा. आदल्या संध्याकाळी शिळ्या पावाचे तुकडे मोठ्या ट्रेमध्ये पसरायचे, त्यावर दूध, अंडी आणि दालचिनीचं मिश्रण ओतायचं, रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी लोणी आणि काळ्या साखरेच्या पाकात घोळवलेले पिकान वर पसरून भाजायचं. जिचा जो पदार्थ, तो ती उभी राहू शकते तोवर दुसरीने करायचा नाही. आणि करणारीने सगळ्यांचं होईपर्यंत खायचं नाही.

मी शेजारधर्म म्हणून तिथे बशा उचलायला जाते, पण तो पाव कधी चाखला नाही. गळ्यात माळ आहे, अंडं चालत नाही. मिस ओडेसांनी त्यावर एका शब्दानेही कधी छेडलं नाही. माझ्यासाठी न विसरता साधा पाव भाजून ठेवायच्या.

एका वर्षी पानगळीच्या दिवसांत त्यांना ताप आला. अंथरूण धरलं, मग उठल्या, हिंडू-फिरू लागल्या. वास मात्र परत आला नाही, आणि वासाबरोबर चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. इतकी वर्षं केलेलं काम आहे, हाताला ठाऊक आहे, असं त्यांनी मनाशी धरलं.

पण खोलीच्या उबेत राहिलेले जुने पिकान खवट झालेत की नाही, हे हाताला कसं कळणार? त्या साली त्यांच्या दारचं झाड धरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मागच्या साली फोडून ठेवलेला डबा उघडला. नाताळच्या सकाळी पाव पानांत पडला. वरचा पाक करपला होता आणि पिकान तर असे खवट की माझ्यापर्यंत वास आला, मी नुसती बशा उचलत होते.

आता इथल्या माणसांची रीत अशी की कोणाच्या हातचं वाईट झालं तर बोलायचं नाही, आणि पानात टाकायचं तर त्याहून नाही. सगळ्यांनी वाढून घेतलं. "जीव ओतलाय, मिस ओडेसा." "तुमच्यासारखं कोणाला जमायचं नाही." असं म्हणत म्हणत तुकडे कागदी रुमालांत जात होते. चर्चचे पाद्री रेव्हरंड टॉलिव्हर तर निरोप घेताना कोटाच्या खिशावर हात धरून वाकले, खिशातून पाक गळत होता. मी कचऱ्याची पिशवी बांधली तेव्हा ती वीट भरल्यासारखी जड लागली.

मिस ओडेसा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तर ट्रे चाटूनपुसून रिकामा. त्यांचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं.

"पुरला नाही वाटतं," त्या म्हणाल्या. "ईस्टरला दुप्पट करते."

तेव्हाच कोणी बोललं असतं तर. पण सगळे म्हणाले, "करा, करा."

ईस्टर म्हणजे आमच्या चर्चचा सगळ्यात मोठा दिवस. अटलांटाला, फ्लोरिडाला गेलेली लेकरं-नातवंडं येतात, दफनभूमीत सूर्योदयाची प्रार्थना होते आणि मग न्याहारी. त्या दिवशी परक्या माणसांसमोर पाव तसाच झाला तर? नातवंडं काही रुमालात गुंडाळणार नाहीत, तोंडावर थू करतील. आणि आधी सांगावं, तर पाव त्यांच्या हातून गेला. मग त्यांना मान देऊन टेबलाशी बसवतील आणि वाढतील. त्याला त्या भीत होत्या. "बसा म्हणाले की समजावं," त्या म्हणायच्या, "थडग्यावरच्या फुलांच्या हाराचा विचार सुरू झाला."

मी आधी त्यांच्या नवऱ्याला, मिस्टर हर्शेलना, कुंपणापाशी गाठलं.

"तुम्हाला कळतंय ना?"

"न कळायला काय झालं? घरीसुद्धा तसंच असतं हल्ली. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं."

"मग सांगत का नाही?"

"कुसुम, पहिल्या दिवशी मी म्हणालो, छान झालंय. दुसऱ्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. आता कोणत्या तोंडाने सांगू? ती विचारेल, मग इतके दिवस काय खात होतास?"

"काय सांगाल?"

"सांगेन, पाणी पीत होतो." हसले ते, पण लगेच टोपी सारखी करत आत गेले.

जुनेटा बिव्हन्स मला दुकानात भेटली. तिने माझी सामानाची ढकलगाडी कोपऱ्यात वळवून घेतली.

"तू सांग तिला."

"मीच का?"

"तू बाहेरची. तुमच्यात तोंडावर सांगतात म्हणे. आमच्यात तसं चालत नाही."

"आमच्यात सासवा सांगतात. मी त्यांची सासू आहे का? आणि मी तो पाव खाल्लेलाच नाही, जुनेटा. मला काय अधिकार?"

"म्हणूनच तर. तुझा तिला राग येणार नाही."

"आणि पाव तुझ्याकडे आला तर तुला बरंच."

"देव बघतोय हो," जुनेटा म्हणाली. "मला त्या कण्याच जड झाल्यात."

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात रोज दिवा लावताना देवापुढे काय मागावं हेच मला कळेना. त्यांचं नाक परत दे म्हणावं, तर ते फार मोठं मागणं वाटलं. माझं तोंड उघडू दे म्हणावं, तर तो देईल याची भीती वाटली. शेवटी नुसती हात जोडून बसायची आणि उठायची.

शनिवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा मिस ओडेसांचं अर्धं काम झालं होतं. ओळीने ट्रे मांडलेले, पाव दुधा-अंड्यात बुडालेला. आता तो मागे फिरणारा नव्हता. उद्या भाजायचाच. त्यांनी पिकानचा डबा माझ्याकडे सरकवला.

"बस, बाळा. यातल्या टरफलांच्या कपच्या वेच. हर्शेलला दिसत नाही आणि कबूलही करत नाही."

मी झाकण काढलं आणि ओशट, शिळ्या तेलाचा भपकारा आला.

"मिस ओडेसा, हे खवट झालेत."

त्यांनी मूठभर उचलले, नाकाशी नेले. मग दोन तोंडात टाकून सावकाश चावले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. काहीच हललं नाही.

"चांगले तर आहेत," त्या म्हणाल्या. पण आवाजात प्रश्न होता.

"नाहीत."

नळ गळत होता तो त्यांनी उठून घट्ट केला. पाठ माझ्याकडेच होती.

"नाताळला याच डब्यातले घातले होते."

"हो."

"ट्रे रिकामा आला होता, कुसुम."

मी डब्याचं झाकण लावलं. त्या वळल्या आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांना सगळं वाचता आलं.

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"रेव्हरंडनी पण?"

"त्यांचा कोट धुवायला टाकावा लागला असेल."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि हात मांडीवर पालथे ठेवले. "हर्शेल दोनदा घेतो," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी तापाचं, वासाचं सगळं सांगितलं. कॉफी नुसतं गरम पाणी लागते. नातीच्या डोक्याचा वास घ्यायला जवळ ओढलं तर काहीच नाही, जणू काचेतून बाळ धरलंय. मी ऐकत होते. वास परत आणणं माझ्या हातात नव्हतं, पण सकाळी माझं नाक घ्या म्हणाले आणि बाहेर मिस्टर हर्शेलना सगळं सांगितलं.

मिस्टर हर्शेल जुनेटाकडे जाऊन तिच्या झाडाचे, गेल्या पानगळीचे चांगले पिकान घेऊन आले. दारात ठेवून आत न येता गेले. सकाळी अंधार असतानाच मी गेले आणि पाकाशी नाक नेऊन उभी राहिले. "आता," मी म्हणायची आणि त्या पातेलं उतरवायच्या. ओव्हनपाशी तसंच. वास असा सुटला की मिस्टर हर्शेल दफनभूमीकडे निघालेले परत फिरून दारात उभे राहिले.

न्याहारीला मी लोकांची तोंडं पाहत होते. नातवंडं दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. रुमाल घडीचे घडी राहिले. मिस ओडेसा या वेळी स्वयंपाकघरात थांबल्या नाहीत, दारात उभ्या राहून त्यासुद्धा पाहत होत्या. रेव्हरंड टॉलिव्हर समोरून आले.

"जीव ओतलाय, मिस ओडेसा."

जुनेटा म्हणाली, "तुमच्यासारखं कोणाला जमायचं नाही."

नाताळचेच शब्द होते, आवाजही तोच. मी मिस ओडेसांकडे पाहिलं तर त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. ट्रे पुन्हा रिकामे झाले, तसेच चाटूनपुसून.

"हर्शेल," त्या म्हणाल्या. "खरं सांग."

"छान झालंय, ओडी. शप्पथ."

"मागेही शप्पथ घेतली होतीस."

"या वेळी खरी आहे."

"मला कसं कळायचं?"

मिस्टर हर्शेलनी आपली रिकामी बशी पुढे केली. त्यांच्याजवळ दुसरे शब्द नव्हते. कोणाजवळच नव्हते. चांगले शब्द नाताळलाच खर्च होऊन गेले होते.

त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, "वास फार सुरेख होता." तेवढंच मला माहीत होतं. एक घास तोंडात टाकून मनापासून सांगावं, असं क्षणभर आलं मनात. जुनेटाने त्यांच्यासाठी कडेचा एक तुकडा झाकून ठेवला होता, तो समोरच होता. माझा हात बशीकडे जातोय हे त्यांनी पाहिलं आणि बशी आपल्याकडे ओढून घेतली.

"तुझं तुझ्यापाशी राहू दे, बाळा."

मग त्या टेबलाशी बसल्या, सगळ्यांच्या देखत, आणि खायला लागल्या. कोणी घाईने कॉफी ओतली, कोणी खुर्ची पुढे सरकवली. रेव्हरंड काहीतरी बोलायला गेले, जुनेटाने त्यांची बाही धरली. मिस ओडेसा सावकाश चावत होत्या, डोळे मिटून, एखादी हरवलेली वस्तू काळोखात चाचपावी तशा. सबंध तुकडा त्यांनी संपवला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं कळतंय."