एर्मेलिंदाची सावड

एर्मेलिंदा चोकेवांका ही बाई मोडेल पण वाकणार नाही, हे पंपाचाका गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कुस्को शहरात टॅक्सी चालवतो, आणि डोंगरावरचं बटाट्याचं रान ही एकटी सांभाळते. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. पण गेल्या सुगीत गुडघ्याने दगा दिला आणि ती कुणाच्याच काढणीला जाऊ शकली नाही.

आमच्याकडे काढणी चालते ती आयनीवर, म्हणजे सावडीवर. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. जो जात नाही त्याच्याकडे कुणी येत नाही. आलंच तर दया म्हणून येतं, आणि दयेने आलेला माणूस सावड फेडून घेत नाही. मग गाव समजतं, हिचं संपलं. एर्मेलिंदाला धास्ती होती ती याचीच. शेजाऱ्यांच्या काढण्या ठरत होत्या आणि यंदा तिला कुणी बोलावलं नव्हतं. मग तिनेही कुणाला हाक मारली नाही. बटाट्याला अळी लागायची वेळ आली, तरी नाही.

अशात एका संध्याकाळी कॅनडाचे तीन दोस्त दारात उभे. पाठीवर ही एवढाली ओझी, थंडीने ओठ फुटलेले. डॅफ्नी, तिची मैत्रीण ब्रिन आणि ताडमाड कोल्टन. स्पॅनिश यायचं एकट्या डॅफ्नीला, तेही मोडकंतोडकं. एर्मेलिंदाची बोली केचुआ, तिचंही स्पॅनिश बेताचंच. त्यामुळे दोघींचं झकास जमलं. अंगणात तंबू ठोकायला जागा मिळाली, वर गरम सूपही.

सकाळी ती कुदळ घेऊन लंगडत निघाली, तर तिघं मागोमाग.

"कुठे रे पोरांनो?"

"तुमच्याबरोबर. इथे बसून काय करू?"

कोल्टनने पहिल्याच घावात बटाट्याची दोन शकलं केली.

"अरे मेल्या, काढायचाय तो, मारायचा नाही!"

शब्द कळला नाही, पण शिवी कळली. तो हसला आणि जपून खणू लागला. दुपारी ढेकळांची भट्टी तापवून तिच्यात बटाटे पुरले, ते चौघांनी हात भाजत खाल्ले. तेवढ्यात बांधावरून फाबियान चालला होता, तिच्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता; त्या नात्याने तो तिला कोमाद्रे म्हणायचा.

"कोमाद्रे, माणसं फार लांबून आणलीस!"

"जवळच्यांना दिसेनासं झालंय, काय करू?"

फाबियान झपाझप पुढे गेला.

ऊन उतरेस्तोवर रान उरकलं, घोडीवरून पोती घरी आली. एर्मेलिंदाने तिघांच्या ओंजळीत चघळायला कोकाची पानं ठेवली आणि विचारलं, "आता बोला, तुमची काढणी कधी? कुठे येऊ?"

डॅफ्नी हसली. गावातल्या पोरांसारखी तीही आता तिला मामाय, म्हणजे आई, म्हणू लागली होती. "आम्हाला शेतच नाही, मामाय. आम्ही असंच केलं. परत काही करायला नको."

"असंच?" एर्मेलिंदाचा आवाज चढला. "असंच करतात ते आंधळ्या-पांगळ्यांचं! मी पांगळी आहे?"

कुणी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं नाही, हे बरं झालं.

"शेत नाही, तर मग काम काय तुमचं?"

"सध्या? चालणं."

"चालणं हे काम?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच करतो. उद्या ती वरची खिंड ओलांडायचीय."

"घरदार सोडून, पाठ मोडून, वर पदरचे पैसे घालून चालता! धन्य आहे बाई तुमची." तिने डोंगराकडे बघितलं. "ठीक आहे. उद्या मी तुमच्या चालण्याला येते."

डॅफ्नी नको म्हणणार होती. पण म्हातारीचा चेहरा बघून ती बोलली ते अगदी काढणीच्या मालकिणीसारखं. "पहाटे निघायचंय, मामाय. उशीर चालणार नाही."

एर्मेलिंदा सगळ्यांच्या आधी तयार होती, सणाची टोपी घालून. घोडीवर बसली, ब्रिनची पिशवी पुढ्यात घेतली. खिंडीची वाट गावामागून जाते, पण तिने घोडी मुद्दाम गावातून घातली. फाबियान कुंपणाचे दगड रचत होता.

"कोमाद्रे, एवढी नटूनथटून कुठे?"

"सावड फेडायला!" आसपासच्या घरांतून माणसं डोकावतील इतक्या मोठ्याने ती म्हणाली.

फाबियानने हातातला दगड खाली ठेवला. त्या तिघांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मान खाजवली.

"गुरुवारी माझी काढणी आहे," तो म्हणाला. "येशील का?"

"गुडघा दुखतो माझा."

"बटाटे निवडायचं काम बसूनच असतं."

एर्मेलिंदाने सणाची टोपी सरळ केली. इतका आनंद तिला पोराच्या लग्नातही झाला नव्हता. पण तो फाबियानला दाखवील तर ती एर्मेलिंदा कसली!

"प्यायला मक्याची चिचा चांगली आंबव. पाणचट निघाली तर बांधावरूनच परत फिरेन."

मग ती घोडीवरून मागे वळली आणि तिघांवर खेकसली, "बघत काय राहिलात? उचला पाय! मला गुरुवारच्या आत घरी पोचायचंय."