पारखीचा उजवा हात

“डोळे फसतात, हात फसत नाही.” पारखी हे वाक्य दिवसातून दहादा म्हणायचा, आणि ऐकणाऱ्यानं मान डोलावली नाही तर अकराव्यांदा म्हणायचा.

सुगी आटोपली की आमच्याकडे जनावरांचा मेळा भरतो. त्यात पहिला नंबर कुणाचा, हे बावीस वर्षं या माणसानं ठरवलं. विद्या एवढीच, की जनावराचा जबडा उघडायचा, उजवा हात मनगटापर्यंत आत घालायचा, दात, हिरड्या, जीभ चाचपायची आणि डोळे मिटून हुंकार द्यायचा. मग ओला हात कोटाच्या टोकाला पुसायचा. धुवायचा मात्र नाही. धुतल्यानं हाताची जाण मरते म्हणे. जेवणाआधी तरी धूत होता की नाही, हे त्याच्या बायकोला विचारायचं धाडस मला झालं नाही.

मेळ्याच्या आठ दिवस आधी तो गोठ्यागोठ्यांतून फिरायचा. नाव पाहणीचं, काम चहाचं. ज्या दारी चहा नाही त्या दारी पारखीचा पाय नाही.

त्या वर्षी आमच्या वहिनीनं एक कालवड वाढवली होती. आई मेलेलं वासरू, बाटलीनं दूध पाजून मोठं केलेलं. अंगावर हात फिरवला तर पाण्यावरून फिरवल्यासारखा वाटावा, अशी तिची कांती. आजवर आमच्या घरचं जनावर मेळ्यात उभं राहिलं की पाटीवर नाव भावाचं असायचं, शेण वहिनीनं काढलेलं असलं तरी. यंदा पाटी तिच्या नावाची होती. तिनं ती स्वतः रंगवली होती आणि पिठाच्या डब्यामागे जपून ठेवली होती.

लाळ्या-खुरकूत आसपास आल्याची कुणकुण होती. तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा हा रोग. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की गोठ्याच्या दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा आणि हात-पाय धुतल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका. वहिनीनं बादली ठेवली.

पारखी आला तो कालव्याकडच्या गोठ्यातून. तिथल्या बैलाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. हात घालून हा म्हणाला होता, “काही नाही, उन्हाचं आहे. मीठ चोळा.”

“काका, हात तेवढा धुता का?” वहिनी म्हणाली.

“सूनबाई, हा हात धुतला तर मेळा आंधळा होईल.”

वहिनी दारातून हलली नाही. आणि इथं मी माझी अक्कल दाखवली. “वहिनी, मोठ्या माणसाला असं अडवतात का?” असं म्हणून मीच ती बादली पायानं बाजूला सरकवली. पारखीला मी हसतो तेव्हा तो पाय मला आठवतो.

चौथ्या दिवशी कालवडीनं चारा सोडला. जिभेवर फोड, तोंडाला फेस, एक खूर उचलून ती नुसती उभी. त्या दिवशी अकरा गोठे आजारी निघाले. मेळा रद्द झाला. मैदानात रोवलेले खांब उपटून नेले, नुसते खड्डे राहिले.

बैठकीत पारखी म्हणाला, “रोग वाऱ्यावर येतो. वाऱ्याला कोण अडवणार?”

डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, “वारा शहाणा दिसतो. एका दुपारी अकरा गोठ्यांत थांबत थांबत गेला, आणि जिथं चहा मिळत नाही तिथं फिरकलाच नाही. चिक्कू शिंप्याच्या दोन्ही शेळ्या ठणठणीत आहेत.”

लोक हसले. पारखी हसला नाही. चौकशी होणार हे ठरलं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात हजर. आवाजात लोणी.

“सूनबाई, चौकशीत एवढंच सांग, की कालवड मी यायच्या आधीपासूनच मलूल होती. पुढच्या वर्षी पहिला नंबर तुझा. तुझ्या नावानं. माझा शब्द.”

“जनावर न बघताच?” वहिनीनं विचारलं.

“बघायचंय काय त्यात?”

बावीस वर्षांच्या पारखीचं सगळं पितळ या तीन शब्दांत होतं, आणि त्याला ते कळलंही नाही.

वहिनी आत गेली. मला वाटलं, पाटी आणते की काय. तिनं बादली आणली आणि त्याच्या पायांपुढे ठेवली.

“काका, आधी हात.”

तो पाण्याकडे बघत राहिला. हात बुडवला की सगळं कबूल, हे तेवढं त्याला समजत होतं. आत कालवड दुखऱ्या तोंडानं पातळ कण्या चाटत होती, तेवढाच आवाज. मग त्यानं कोरडाच हात सवयीनं कोटाला पुसला आणि तो वळला.

रस्त्यानं ताठ मानेनं चालला होता. चिक्कू शिंप्यानं त्याला येताना पाहिलं, हातातलं कापड खाली ठेवलं, उठून शेळ्यांच्या कुडाच्या दाराला कडी घातली आणि पुन्हा शिवायला बसला. पारखी वळणाआड जाईपर्यंत वहिनी त्याच्याकडे बघत होती. मी बादलीकडे बघत होतो.