नको झालेल्या वस्तूंची दिवाळी

वसुबारसेच्या सकाळी पार्किंगमधली पहिली पिशवी उघडली आणि आनंदीबाईंनी नाकाला पदर लावला. आत डबाभर चिवडा होता, गेल्या दिवाळीचा. खवट तेलाचा भपकारा आला. झाकणावर चिठ्ठी: ‘गरजूंसाठी, सप्रेम.’

कोथरूडच्या त्या सोसायटीत दिवाळीआधी सामान गोळा करायची जुनी पद्धत होती. साफसफाईत निघालेलं लोक खाली आणून टाकत. आनंदी परचुरे ते निवडत, धूत, टाके घालत आणि इस्त्री करून मागच्या वस्तीत पोचतं करत. सारी नोकरी त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून संध्याकाळी पानभर लिहायला लागल्या. आज कोणाला काय दिलं, का दिलं, देताना मनात काय होतं. मग लाल पेन घेऊन स्वतःचंच पान तपासायचं आणि खोटा वाटेल तो शब्द खोडायचा. ‘आनंदाने’ हा शब्द बहुतेक वेळा खोडला जाई.

त्या दिवशी गठ्ठ्यातून काय काय निघालं! झाकण नसलेला कुकर, मुदत संपलेली खोकल्याची औषधं, एकाच पायाचा बूट आणि तळाशी पिवळी पडलेली, न धुतलेली बनियनं. आनंदीबाईंनी ती काठीने उचलली.

सोसायटीचा सेक्रेटरी श्याम नवाथे मोबाइल सरसावत आला. “काकू, फोटोसाठी जरा बऱ्या पिशव्या पुढे घ्या ना.”

“आधी हे बघ. कोणी अंगातलं काढून देतं का असं?”

“असू दे हो. त्यांना चालतं.”

त्याच वस्तीतल्या, जिना पुसणाऱ्या बायडाबाई चार पायऱ्या वर होत्या. त्यांनी ऐकलं. फडकं पिळलं आणि पुढची पायरी पुसायला घेतली.

संध्याकाळी आनंदीबाईंनी रागारागाने लिहिलं, ‘लोक किती घाणेरडे असतात.’ लाल पेन उचललं, पण हात अडला. इतकी वर्षं ही घाण धुऊन, घडी घालून देण्याजोगी कोणी केली? परचुरे काकू बघून घेतील, हे ठाऊक असल्यावर लोक काहीही टाकणारच. वस्तीतल्या बायकांना काय हवं, ते त्यांनी कधी विचारलंसुद्धा नव्हतं. गरजूंची सेवा म्हणून त्या देणाऱ्यांची अब्रू झाकत आल्या होत्या, आणि वर त्याचं समाधानही मिरवत होत्या. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

धनत्रयोदशीला त्या पिशव्या घेऊन, त्यांवरचे फ्लॅट नंबर बघत दारोदार गेल्या.

“ही आपली पिशवी चुकून खाली आली होती.”

“चुकून नाही हो, दान म्हणून दिली.”

“यातलं बनियन आपण उद्या घालाल?”

“भलतंच काय विचारता?”

“मग कचऱ्याची गाडी सकाळी येते.”

दारं आपटली. एकीने ‘विक्षिप्त बाई’ म्हटलं, तेही ऐकू येईल अशा बेताने.

खाली आल्यावर त्यांनी बायडाबाईंना गाठलं. “दिवाळीला तुम्हाला खरंच काय हवंय?”

बायडाबाईंनी संशयाने पाहिलं. “कापडं नकोत ताई.”

“कपडे नाही देत. विचारतेय.”

“मग सुट्टी. लेक येनार हाय सासरहून. पन दरसाली पहिल्या आंघोळीला म्या हितं फटाक्यांचा कचरा झाडती. घरात तेल-उटणं तसंच ऱ्हातं.”

आनंदीबाई तडक श्यामकडे गेल्या. “भाऊबीजेपर्यंत बायडाबाई येणार नाहीत. जिना मी झाडेन.”

“काकू, लोक काय म्हणतील?”

“म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव. केरसुणी देते.”

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून त्या खाली उतरल्या. दवात भिजलेले कागद फरशीला चिकटले होते. कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि एका दाराबाहेर वापरलेला डायपर, बांधायचेही कष्ट न घेता टाकलेला. आनंदीबाईंना उमासे आले. मोरीत जाऊन ओकून आल्या आणि पुन्हा झाडायला लागल्या. एक दार उघडलं. रेशमी बाहीतला हात बाहेर आला, रिकामा मिठाईचा खोका ठेवून आत गेला.

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर श्यामचा संदेश झळकला: ‘आपल्या परिवारातर्फे कर्मचाऱ्यांना दिवाळीची सुट्टी!’ खाली टाळ्यांचा पाऊस. आनंदीबाईंनी फोन पालथा घातला. संध्याकाळच्या पानावर मात्र त्यांच्याच हातून उतरलं, ‘बायडाबाईंना सुट्टी दिली.’ त्यांनी ‘दिली’ खोडलं. दुसरा शब्द सापडेना.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बायडाबाई आल्या.

“कशी झाली दिवाळी?”

“लेकीच्या डोक्याला तेल लावलं. जेवलो आन दुपारभर झोपलो दोघी.”

एवढंच सांगून त्यांनी बादली उचलली. आनंदीबाई उगाच उभ्या राहिल्या. आपण आभाराचा शब्द ऐकायला थांबलोय, हे लक्षात आलं तेव्हा तोंड कडू झालं आणि त्या घरात गेल्या.

पुढच्या वर्षी सामान गोळा झालंच. निवडायला आनंदीबाई गेल्या नाहीत. न धुतलेले गठ्ठे टेम्पोतून वस्तीत गेले आणि संध्याकाळी तसेच परत आले; तिथल्या बायकांनी घेतले नाहीत. श्याम म्हणाला, “माजलेत.” दोन दिवस पार्किंगमध्ये वास मारत होता.

बायडाबाईंनी त्या वर्षी सुट्टी मागितली नाही. जिन्यात थांबून श्यामला सांगितली.