दोन वेल्डर, एक वर्कशॉप

साखर कारखान्यात मोठी माणसं लक्षात राहत नाहीत, राहतात ती एकमेकांवर जळणारी! आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्याच्या वर्कशॉपात मी फिटर होतो. लोखंडाचे दोन तुकडे काटकोनात धरायचे मी, अन् ठिणग्या उडवून नाव मिळवायचं वेल्डरनं. तेव्हा जळायला मीही मागं नव्हतो. पण अंकुश मिस्त्री आणि विलास यांच्यापुढं माझं जळणं म्हणजे नुसता धूर!

अंकुश मिस्त्री भूमचे, वयानं मोठे. गॅसच्या ज्योतीवर त्यांचा हात बसलेला. विलास अणदूरचा, आयटीआय करून आलेला. त्याच्यासाठी विजेचं वेल्डिंग मशीन आलं, तेव्हा ते बघायला अख्खं वर्कशॉप लोटलं. विलासनं काच तोंडापुढं धरून पहिली ठिणगी पाडली. लख्ख उजेड!

अंकुश मिस्त्री मला म्हणाले, "उजेड तर लई हाय. जोड कुठाय?"

*

एकदा मिस्त्रींनी एक लांब, जाड पत्रा गॅसनं जोडला. जोड पक्का, पण गॅसची आच पसरते. निम्मा पत्रा तापला अन् थंड होताना पापडासारखा वाकला. तो सरळ करायला घण हाणत मी दिवसभर घाम गाळला.

विलास येऊन नुसता उभा राहिला. "आमच्या मशीनची आच जोडापुरतीच असती, मिस्त्री. पत्रा वाकत न्हाय."

मिस्त्री म्हणाले, "वाकाय पत्र्याला लाज असावी लागती!"

*

मग पडला दुष्काळ. मिस्त्रींच्या घरचं पाण्याचं पिंप गळायला लागलं. मिस्त्री "रविवारी बघू" म्हणत राहिले. शेवटी त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पिंप बैलगाडीत घातलं अन् थेट विलासकडं आणलं! मिस्त्रींचं तोंड बघण्यासारखं झालं.

विलासनं मशीन लावलं. पिंपाचा पत्रा पातळ, विजेची आच तिखट. चर्रर्र झालं अन् होतं त्याच्या दुप्पट भोक पडलं.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, गळत होतं, आता वाहील की वो!"

मिस्त्री पळतच आले. गॅसच्या बारीक ज्योतीवर त्यांनी ठिगळ असं बसवलं की हात फिरवला तरी कळू नये. सगळे वाहवा करायला लागले.

वहिनी मात्र म्हणाल्या, "लग्न झाल्यापास्नं पहिल्यांदा ह्यांनी घरचं काम रविवारची वाट न बघता केलं!"

*

त्याच उन्हाळ्यात गावांना पाणी पोचवायला टँकर लागले. एका टँकरची टाकी विलासनं जोडली. ती तपासायला मिस्त्री आपणहून पुढं आले. बाहेरून जोडाला चुना फासला, आतून रॉकेल लावलं. जोडात कुठं बारीक छिद्र असलं तर चुन्यावर डाग उमटतो.

मिस्त्री टाकीभोवती फिरले. वाकले. झोपून खालूनही बघितलं. चुना पांढराफेक! तिकडं गावातल्या बाया घागरी घेऊन ताटकळलेल्या, अन् हे डाग शोधतायत.

आमचे फोरमन शेखसाहेब ओरडले, "अरे, छोडो ना गाडी कू! पब्लिक प्यासी है!"

मिस्त्री उठून अंग झाडत म्हणाले, "रॉकेलच भेसळीचं आसंल!"

*

एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा हूक मोडला. विलासनं जोडला. जोड देखणा, जशी वेणी घातली! शेतकरी घाईत होता, म्हणून विलासनं त्यावर पाणी ओतलं. चर्र! अन् जोडाच्या कडेनं केसाएवढी चीर गेली.

मिस्त्री खूश. "माणसांना प्यायला न्हाय, अन् लोखंडाला पाजतोय!"

शेखसाहेब म्हणाले, "इसका लोहा कडक है. झटका नक्को, मिजाज बिगडता. पैले गरम करो, बाद में जोडो, राख में थंडा होने दो."

मग मिस्त्रींनी गॅसनं हूक तापवला, विलासनं चीर घासून पुन्हा जोडला अन् दोघांनी मिळून राखेत पुरला. दोघांनी एकत्र केलेलं हे पहिलंच काम.

हूक बाहेर काढल्यावर शेतकऱ्यानं विचारलं, "जोड कुणी केला म्हणायचा?"

"म्या!" दोघं एकदम.

"अन् तुटला तर कुणाकडं यायचं?"

दोघांनी एकमेकांकडं बोट केलं.

*

पुढच्या एका हंगामात विलासला कावीळ झाली. त्याला उस्मानाबादला दवाखान्यात ठेवलं. इकडं भर हंगामात ऊस ओढून नेणारी साखळी तुटली. कारखाना उभा. बाहेर बैलगाड्यांची रांग, ऊस वाळत चाललेला.

साखळी जोडल्यावर मी अन् मिस्त्री विलासला बघायला गेलो. मिस्त्रींनी मोसंबी नेली होती. विलास पार पिवळा पडलेला, हाताला सलाईन. बघून मिस्त्रींचे डोळे पाणावले. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

विलास क्षीण आवाजात म्हणाला, "साखळी तुटली म्हणं. कारखाना बंद आसंल?"

"न्हाय. चालू हाय."

"जोडली कुणी?"

मिस्त्री मोसंबी सोलायला लागले. "म्या. तुझ्याच मशीनवर."

विलासनं उशीवरून मान उचलली. म्हणाला, "टिकली?"

"अजून तरी टिकलीय."

विलास ताडकन उठून बसला. नर्सबाईंना हाक मारली.

"बाई, ही सुई काढा. मला कारखान्यावर जायचंय!"

"अहो, अजून अर्धी बाटली शिल्लक आहे!"

"ती ह्यांना लावा!"